पुरवणी

टॉडमॉर्डनचं नगरभवन नदीवर बसलंय.
पोटाखालून पाणी जातं, आणि पूर्वी म्हणे
दोन परगण्यांची शीव त्याच पाण्यातून जायची:
नाचणारे एका परगण्यात, वाजवणारे दुसऱ्यात.
हिलरी सटक्लिफ हे प्रत्येक नव्या माणसाला सांगते.
मला तिसऱ्यांदा सांगितलं, तरी मी "हो का?" म्हटलं.

समोरच्या कॅफेच्या माडीवर आम्ही सात जण.
नोव्हेंबरातला शनिवार, चार वाजताच दिवे.
प्रश्न एवढाच होता:
आमच्या नकाशाच्या प्रोग्रामला
लोकांनी जोडलेल्या एकेचाळीस पुरवण्या
राहणार कुठे?

पुरवणी हा शब्द मी मनातल्या मनात वापरते.
बाकीचे ॲड-ऑन म्हणतात.
मला सटाण्याचं परीक्षा केंद्र दिसतं,
"सर, पुरवणी!" म्हणत वर गेलेला शाईचा हात,
आणि शेवटच्या घंटेला भोकातून ओवून
घाईघाईत मारलेली पांढऱ्या दोऱ्याची गाठ.
गाठ सुटली तर तुमचं उत्तर दुसऱ्याच्या गठ्ठ्यात.
बाई म्हणायच्या, किती लिहिलंत ते सोडा,
बांधलंत का ते बघा.

तोमाश म्हणाला, मोठ्या कंपनीच्या कोठारात ठेवू.
फुकट आहे. दार रात्रंदिवस उघडं, झाडलोटही तेच करतात.
ओवेन म्हणाला, फुकटच्या घरात
खिळा ठोकायलाही मालकाचं तोंड बघावं लागतं,
आणि मार्चमध्ये त्यांनी एका रात्रीत अटी बदलल्या
तेव्हा आपण सगळे झोपलो होतो.
मग ओवेनचं तळघर निघालं.
तिथे जुनं यंत्र आहे, मनातल्या मनात गुणगुणतं.
पण त्या तळघरात दोनदा नदी येऊन गेलीय.
"तिसऱ्यांदा यायची नाही," ओवेन म्हणाला.
त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.
ॲबिओला म्हणाली, जिची ती जिथे आहे तिथेच बरी.
आपण नुसते पत्ते लिहून ठेवू.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, मला वाटलं,
आणि विंचू मेला तर?

हिलरीने कप बाजूला सारला.
"डेरिक ॲक्रॉइडचं काय?"

डेरिकची पुरवणी दगडी कुंपणं काढते.
चुन्याशिवाय रचलेल्या, टेकडीभर पळणाऱ्या भिंती
आमच्या नकाशावर आहेत त्या त्याच्यामुळे.
त्याला जाऊन दोन वर्षं झाली.
ती अजून त्याच्याच पत्त्यावर उभी आहे,
कारण जोन दर एप्रिलला नऊ पौंड भरते.
कशाचे, तिला ठाऊक नाही.
तिला वाटतं, नाही भरले
तर त्याची पत्रं परत जातील.

मग थोडा वेळ नुसते काट्याचमच्यांचे आवाज.

मतं पडली. दोन, दोन, दोन.
सातवी मी.
फार शहाणपणाचं काही बोलले नाही.
लीड्समध्ये एक सहकारी संस्था आहे, म्हटलं,
महिना बारा पौंड, टोपी फिरवू.
यंत्र त्यांचं, किल्ली आपली.
पत्ते ज्याचे त्याचे राहोत,
पण एकेक प्रत आपल्या दोऱ्यात हवी.
"म्हणजे तिन्ही त्रास एकत्र," तोमाश म्हणाला.
खरंच होतं ते.
पाच हात वर गेले, त्यात तोमाशचा नव्हता,
पण टोपीत पहिली नोट त्याने टाकली
आणि टोपी ओवेनची, ओली.

रात्री घरी येऊन पहिली प्रत डेरिकची घेतली.
चार हजार ओळी, नेटक्या, दगडावर दगड.
भिंतीत जिथे फट सोडायची त्या ओळीपाशी
यंत्राने वाचू नये अशी एक टीप:

इथलं फाटक अडतं. थोडं उचलून ढकला.

कुठलं फाटक, ते लिहिलेलं नाही.
मी ती ओळ हलवली नाही.